सातो भ्याड होता की शहाणा? युद्धकाळातल्या सेनापतींची पारख

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे तुम्हालाही पाहता येईल. १९४४ सालच्या इंफाळ-कोहिमा लढाईवर तुम्ही तीन-चार पुस्तके वाचलीत. एका पुस्तकात जपानी सेनानी कोतोकू सातो हा हुकूम मोडून कोहिमाहून पळालेला माणूस आहे, तर दुसऱ्यात तोच हजारो शिपायांचे प्राण वाचवणारा विवेकी अधिकारी आहे. त्याचा वरिष्ठ मुतागुची सगळीकडे माथेफिरू ठरतो आणि समोरचा ब्रिटिश सेनापती स्लिम सगळीकडे निष्कलंक. खुद्द सेनापतींच्या आठवणी वाचाव्यात तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या माथी खापर फोडतो. अशा वेळी कोणाचे खरे मानायचे, आणि एखाद्या निर्णयात कर्तबगारी किती व हेवादावा किती, हे कसे ओळखायचे, असे तुम्ही विचारता.

मी गेली पंचवीस वर्षे युद्धेतिहास शिकवतो आणि ब्रह्मदेशची मोहीम हा माझ्या अभ्यासाचा मुख्य भाग आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, अडचण कोणत्या पुस्तकावर विश्वास ठेवायचा ही नाही. आपण एकाच माणसाला एकाच वेळी चार वेगवेगळे प्रश्न विचारतो आणि उत्तर मात्र एका शब्दात मागतो, ही खरी अडचण आहे. तो धाडसी होता का, त्याचा निर्णय त्या घटकेला योग्य होता का, हाताखालच्या माणसांशी तो नीट वागला का, आणि त्याच्या वागण्याने युद्धाचे एकूण काय झाले, हे चार प्रश्न आहेत. सातोबद्दल यांची चार उत्तरे वेगवेगळी येतात. ‘भ्याड’ किंवा ‘शहाणा’ असा एक शब्द मागितला की तीन उत्तरे गाडली जातात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतात, हे आधीच मान्य करतो. डिव्हिजनचा सेनानी आणि अख्ख्या आर्मीचा सेनापती यांना एका फुटपट्टीने मोजता येत नाही, कारण पहिल्याच्या हाती स्वतःच्या रसदीची सूत्रे नसतात. जपानी सैन्यात वरिष्ठाला नाही म्हणणे आणि ब्रिटिश सैन्यात नाही म्हणणे, यांची किंमत सारखी नव्हती. तुम्हाला मूळ जपानी कागद वाचता येत नसतील, तर तुमचा निष्कर्ष भाषांतरकाराच्या निवडीवरही टेकलेला असतो. तेव्हा पुढे मी जे सांगतो ती माझ्या कामाची रीत आहे. ती सगळ्या युद्धांना जशीच्या तशी लागू पडेल असा माझा दावा नाही.

आता मूळ प्रकरण. मुतागुची रेन्या हा जपानच्या पंधराव्या आर्मीचा सेनापती होता. तिच्यातल्या तीन डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमा घेणार होत्या: यानागिदाची तेहतिसावी, यामाउचीची पंधरावी आणि सातोची एकतिसावी. जवळपास तीन आठवड्यांची शिधासामग्री घेऊन सैन्य निघाले. तेवढ्या मुदतीत इंफाळ पडेल आणि शत्रूच्या कोठारांवर आपले पोट भरेल, असा हिशेब होता. बरोबर गुरांचे कळप हाकत नेले होते, म्हणजे जनावरे ओझेही वाहतील आणि शेवटी खायलाही होतील. त्यांतली बरीचशी नदीत आणि डोंगरवाटांवर मेली. सुमारे ८५ हजारांच्या या सैन्यापैकी ३० हजारांच्या आसपास माणसे परत आली नाहीत, आणि त्यांतले फार मोठे प्रमाण भुकेचे आणि रोगाचे बळी होते.

हे वाचल्यावर मुतागुचीला वेडा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मी मात्र विद्यार्थ्यांना १९४२ सालापासून सुरुवात करायला लावतो, कारण तिथे वेगळाच मुतागुची दिसतो. त्या वर्षी आसामवर चढाई करण्याची योजना वरून आली होती, तेव्हा तो अठराव्या डिव्हिजनचा सेनानी होता, आणि मुलूख व रसद पाहता हे होण्यासारखे नाही असे त्यानेच सांगितले होते. नंतर त्याला कळले की ही इच्छा थेट टोकियोच्या मुख्यालयाची होती. वरिष्ठांच्या मनातल्या गोष्टीला आपण कचरलो, याची त्याला बोचणी लागली. त्यात १९४३च्या सुरुवातीला ब्रिटिश सेनानी विंगेट तीन हजार माणसे घेऊन त्याच डोंगरांतून चालत आला. तेव्हा मुतागुचीचा तर्क असा झाला की, ते येऊ शकतात तर आपणही जाऊ शकतो. विंगेटची फौज विमानांतून टाकलेल्या रसदीवर जगत होती आणि आपल्याकडे ती सोय नाही, हा फरक त्याने पुरेसा मनावर घेतला नाही. जुलै १९३७ मध्ये मार्को पोलो पुलाजवळ जी चकमक उडून चीनशी युद्ध पेटले, तिथली रेजिमेंट त्याच्या हाताखाली होती. ज्या युद्धाची सुरुवात आपल्या हातून झाली त्याचा शेवटही आपल्याच विजयाने व्हावा, अशी त्याची धारणा बनली होती.

यातला वेडेपणाचा भाग बाजूला ठेवला तर जे उरते ते अधिक भयंकर आहे. ज्याला एकदा योग्य उत्तर सुचले होते त्याने ते लाजेपोटी सोडून दिले, आणि मग ते उत्तर पुन्हा उच्चारणाऱ्या माणसांना दूर केले. त्याचा चीफ ऑफ स्टाफ ओबाता हा वाहतूक आणि रसद यांतला जाणकार होता. त्याने विरोध केला आणि १९४३ मध्ये त्याची उचलबांगडी झाली. मुतागुचीच्या स्वभावावर तुम्हाला एकच टिपण लिहायचे असेल, तर ते कोहिमावर न लिहिता ओबाताच्या बदलीवर लिहा. लढाईच्या धुमश्चक्रीत माणूस कसाही वागू शकतो. शांतपणे बसून कोणाला जवळ ठेवायचे आणि कोणाला घालवायचे हे तो ठरवतो, तेव्हा त्याचा स्वभाव अधिक स्पष्ट दिसतो.

सातो आणि मुतागुची यांचे वैर जुने होते. १९३०च्या दशकात जपानी सैन्यात जे दोन तट पडले होते, त्यांत हे दोघे परस्परविरोधी बाजूंना होते. म्हणून अनेक लेखक कोहिमाची माघार म्हणजे दोन मानी माणसांच्या भांडणाचा शेवट असे लिहितात. वाचायला ते चांगले लागते, पण अशा ठिकाणी मी एक कसोटी लावतो: त्या दोघांचे वैर नव्हतेच असे क्षणभर धरा, आणि मग वाद शिल्लक राहतो का ते पाहा. सातो आणि मुतागुची सख्खे भाऊ असते तरी कोहिमाला तांदूळ पोहोचलाच नसता. शिवाय इथे आपल्याला तुलनेची सोय आहे. यानागिदा हा वेगळ्या घडणीचा, सावधपणे वागणारा अधिकारी होता. त्याने मार्चअखेरीसच मोहीम पुढे रेटण्याबद्दल शंका कळवली आणि मे महिन्यात त्याला पदावरून काढले. यामाउची अमेरिकेत राहून आलेला, शत्रूच्या सामग्रीची कल्पना असलेला आणि क्षयाने खंगलेला होता. जूनमध्ये त्यालाही बाजूला केले आणि ऑगस्टमध्ये तो वारला. तिसरा सातो. तीन वेगवेगळ्या स्वभावांची माणसे स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला येतात, तेव्हा कारण स्वभावात शोधायचे नसते. वैराने पत्रव्यवहाराची भाषा तेवढी विखारी केली. आर्मी मुख्यालयाची लष्करी अक्कल कॅडेटांपेक्षाही खालची आहे, अशा आशयाचे संदेश सातोने पाठवले ते त्या जुन्या वैरामुळे. माघारीचा निर्णय मात्र रिकाम्या पोटांमुळे झाला.

आता सातोचे दोष. त्याच्या बाजूने लिहिणारे हे दोष गाळतात, म्हणून ते मी मुद्दाम सांगतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याची डिव्हिजन कोहिमाला भिडली, तेव्हा समोर सुमारे दीड हजार लढणारी माणसे होती. एका डोंगरधारेवरच्या त्या चिमुकल्या जागेवर त्याने पुन्हा पुन्हा समोरून हल्ले चढवले आणि आपली सर्वांत चांगली माणसे तिथे घालवली. मी ती जागा चालून पाहिली आहे. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचे टेनिस मैदान, जिथे दोन्ही बाजूंची माणसे काही पावलांच्या अंतरावर आठवडेच्या आठवडे बसून होती, ते पाहिल्यावर इथे संख्याबळाचा काहीच उपयोग होणार नाही हे पायांनाच कळते. सातोला ते उशिरा कळले. त्याने सैन्य मागे घेतले तेव्हा पिछाडी सांभाळायला हाताखालच्या मियाझाकीला अगदी थोडी माणसे देऊन मागे ठेवले. त्या माघारीने इंफाळभोवती लढत असलेल्या इतर दोन डिव्हिजनांचा पाठिंबाही सुटला. कोहिमा-इंफाळ रस्ता २२ जूनला मोकळा झाला. माघार घेणे योग्य होते असे मी मानतो, पण ती कोणालाही न दुखवता झाली असे म्हणता येत नाही.

इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे, कारण तुमच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. कोहिमापासून दिमापूर ७० ते ७५ किलोमीटर. तिथे रेल्वे होती आणि मैलोन्मैल पसरलेली कोठारे होती, ज्यांवर ब्रिटिशांची सगळी आघाडी जगत होती. सातोने कोहिमाला बगल देऊन दिमापुरावर झडप का घातली नाही? स्लिमने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात याबद्दल सातोला अत्यंत उपक्रमशून्य सेनानी ठरवले आहे. सातोच्या मुख्यालयावर बाँब टाकण्याची सूचना आली, तेव्हा आपल्याला इतक्या उपयोगी पडणाऱ्या माणसाला मारू नका असे आपण सांगितले, असेही त्याने लिहिले आहे. हा निवाडा मी कितीतरी वर्षे वर्गात जसाच्या तसा सांगत होतो. सांगणारा जिंकलेला सेनापती, लिहिणारा प्रामाणिक, आणि शत्रूबद्दल एरवी उदार. शंका घ्यावी असे काही दिसत नव्हते. नंतर जपानी बाजूचे संशोधन वाचताना कळले की, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी दिमापूरकडे सरकण्याचा हुकूम मुतागुचीने दिला होता, आणि रंगूनमध्ये बसलेल्या कावाबेने, म्हणजे ब्रह्मदेशातल्या सगळ्या जपानी फौजांच्या प्रमुखाने, मोहिमेच्या ठरलेल्या हद्दीबाहेर जायचे नाही म्हणून तो काही तासांतच रद्द करवला. स्लिम खोटे बोलला नव्हता. डोंगरापलीकडे त्याला जे दिसत होते त्यावरून त्याने अंदाज बांधला, आणि त्याच्या जागी मी असतो तर माझाही अंदाज तोच झाला असता. पण ज्या निर्णयावरून त्याने सातोचा स्वभाव ठरवला, तो निर्णय सातोचा नव्हताच.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो. कोणत्याही वादग्रस्त निर्णयासाठी वहीच्या एका पानावर तीन गोष्टी लिहितो: त्या तारखेला या माणसाला काय ठाऊक होते, त्याच्यावर कोणाचा कोणता हुकूम लागू होता, आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाकडे होता. परिणाम शेवटी, वेगळ्या पानावर. या तीन गोष्टी भरण्यासाठी पलटणींच्या युद्धरोजनिशा, संदेशांच्या नोंदी आणि रसदीचे तक्ते हीच सामग्री खरी. ती कंटाळवाणी असते. अमक्या वेळी इतका शिधा आला, इतके तोफगोळे उरले, इतकी खेचरे मेली, एवढेच त्यात असते. पण ती त्या दिवशी लिहिलेली असते आणि ती लिहिणाऱ्याला वीस वर्षांनंतरच्या वादाची कल्पना नसते. आत्मकथनाचे उलट असते. ते नंतरच्या भांडणातली साक्ष असते, मग लिहिणारा कितीही सज्जन असो.

मुतागुचीचेच पाहा. युद्धानंतर बरीच वर्षे तो जवळपास गप्प होता. १९६०च्या दशकात एका ब्रिटिश लष्करी लेखकाने त्याला पत्राने कळवले की, दिमापूर घेतले असते तर तुमची मोहीम फळाला आली असती. तिथून पुढे १९६६ साली मरेपर्यंत तो आपली योजना कशी बरोबर होती हे पटवत राहिला. त्याची ती साक्ष निरुपयोगी नाही, पण ती १९४४ची साक्ष नाही. हाच नियम ब्रह्मदेशात लढणारा अमेरिकन सेनापती स्टिलवेल यालाही लागू होतो, फक्त उलट दिशेने. त्याची रोजनिशी त्याच रात्री लिहिलेली आहे, पण ती दिवसभराचा संताप ओतून टाकण्याची जागा होती. तिच्यातल्या शिव्यांवरून तो ब्रिटिशांशी सहकार्य करूच शकत नव्हता असे वाटेल. प्रत्यक्षात त्याने स्लिमचा वरिष्ठ गिफर्ड याच्या हाताखाली काम करायला नकार दिला आणि त्याच बैठकीत, उत्तर ब्रह्मदेशातले कामाइंग हाती येईपर्यंत, पदाने कनिष्ठ असलेल्या स्लिमचा हुकूम मानायला तो स्वतःहून तयार झाला. रोजनिशी स्टिलवेलची मनःस्थिती सांगते. त्याने काय केले ते हुकुमांच्या कागदांत सापडते.

हेव्यादाव्यांबद्दल आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्या माणसांशीही जोडलेली आहे. उखरूलजवळच्या सांगशाक या नागा गावात मार्च १९४४च्या अखेरीस पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने पाच-सहा दिवस जपान्यांना रोखून धरले. त्या ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. समोर होता मियाझाकी, म्हणजे सातोच्या डिव्हिजनचा, कोहिमाकडे निघालेला गट. सांगशाक त्याच्या वाटणीत नव्हते, ते शेजारच्या पंधराव्या डिव्हिजनच्या हद्दीत होते. तरीही त्याने हल्ला केला आणि तिथे अडकून पडला. पाणी नसलेल्या त्या टेकडीवर आपल्या मराठी शिपायांनी आणि गुरख्यांनी किती हाल सोसले हे वाचताना आजही घशाला कोरड पडते. पण त्यांनी शत्रूचे जे दिवस खाल्ले, ते कोहिमाला कुमक पोहोचण्यासाठी अमोल ठरले. दोन डिव्हिजनांमधली हद्द, कुठे जायचे ते ठाऊक असूनही वाटेतला शत्रू मोकळा न सोडण्याची ओढ, आणि शेजारच्या तुकडीशी नसलेला समन्वय यांतून ही किंमत उभी राहिली. तिला कोणा दोघांच्या वैराचे नाव देता येत नाही. सेनापतींच्या भांडणांवर लिहिणाऱ्यांची नजर अशा हद्दीच्या रेषांवर सहसा जात नाही, आणि मला वाटते की ती तिथेच जास्त रोखली पाहिजे.

तुम्ही स्लिमबद्दल विचारलेत. त्याच्याविषयी माझे मत फार चांगले आहे, म्हणूनच त्याला तपासताना मी अधिक कडक होतो. इंफाळच्या लढाईत त्याच्या दोन चुका मोठ्या होत्या. इंफाळच्या दक्षिणेला, ब्रह्मदेशातल्या टिड्डिमकडे पुढे असलेली सतरावी डिव्हिजन मागे बोलावण्याचा क्षण त्याने खालच्या सेनापतींवर सोपवला, हुकूम १३ मार्चला निघाला, आणि तोवर जपान्यांनी तिच्यामागचा रस्ता कापायला सुरुवात केली होती. दुसरी चूक म्हणजे कोहिमाकडे फार तर एक रेजिमेंट येऊ शकेल असा त्याचा अंदाज होता, आणि आली अख्खी डिव्हिजन. या दोन्ही चुका आपल्याला ठाऊक आहेत त्या मुख्यतः त्यानेच लिहून ठेवल्यामुळे, आणि त्या त्याने दुसऱ्या कोणावर ढकललेल्या नाहीत. हे त्याच्या बाजूचे मोठे प्रमाण आहे.

पण त्याच आत्मकथनात काय नाही, तेही पाहा. मे १९४५च्या सुरुवातीला रंगून हाती आले, आणि लगेच त्याचा वरिष्ठ ऑलिव्हर लीज याने त्याला सांगितले की तुझी चौदावी आर्मी आता क्रिस्टिसन या दुसऱ्या सेनापतीकडे जाईल आणि तुला ब्रह्मदेशात मागे राहणारी नवी आर्मी मिळेल. जिंकलेल्या सेनापतीला जिंकल्याच्या आठवड्यात बाजूला करण्यासारखेच हे होते. अधिकाऱ्यांमध्ये संताप पसरला, लंडनमध्ये ब्रिटिश सैन्याचा प्रमुख ब्रूक याने हरकत घेतली, आणि जुलैच्या सुरुवातीला लीजच गेला व त्याच्या जागी स्लिम आला. इथेही ‘मत्सर’ हा शब्द लगेच वापरला जातो. माझी कसोटी लावून पाहू: वैर वजा केल्यावर काही उरते का? बरेच उरते. पुढची मोहीम मलायात समुद्रातून उतरण्याची होती, क्रिस्टिसनला तसा अनुभव होता, आणि स्लिम तीन वर्षांच्या धामधुमीने थकलेला होता. लीज इटलीतून आला होता आणि आठव्या आर्मीतली आपली माणसे बरोबर घेऊन आला होता. त्यामुळे भारतीय सैन्यात आयुष्य काढलेल्यांशी त्याचे सूर जुळले नाहीत. आणि त्या भागातल्या दोस्त फौजांचा सरसेनापती माउंटबॅटन याने त्याला नुसती चाचपणी करायला सांगितले होते की निर्णय कळवायला, यावर त्या दोघांचे म्हणणे नंतर जुळले नाही. चुकीचा निर्णय, तो सांगण्याची वाईट रीत, आणि वर कोणी धड जबाबदारी न घेणे, असे ते प्रकरण होते. लीजच्या मनात मत्सर होता असे म्हणायला मला कागदांत आधार दिसत नाही. स्लिमने आत्मकथनात याविषयी जवळजवळ मौन पाळले आहे. तो त्याचा मोठेपणा आहे यात शंका नाही. पण इतिहासाच्या वाचकासाठी तो एक वगळलेला कागदही आहे, आणि प्रामाणिक लेखकाचे मौनसुद्धा नोंदवून ठेवावे लागते. विंगेटविषयीही त्याचे १९५६चे मत, विंगेट २४ मार्च १९४४ला विमान अपघातात गेला तेव्हा लिहिलेल्या श्रद्धांजलीपेक्षा बरेच कडक आहे. दोन्ही मते स्लिमचीच, फक्त वेळ वेगळी.

कावाबेविषयी तुम्ही विचारले नाहीत, आणि बहुतेक वाचक विचारत नाहीत. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. १९३७ साली मुतागुचीची रेजिमेंट याच कावाबेच्या ब्रिगेडमध्ये होती, तेव्हा तो त्याला पुरता ओळखत होता. जून १९४४च्या पहिल्या आठवड्यात तो मुतागुचीला भेटायला आघाडीकडे गेला. सातो तेव्हा कोहिमा सोडून निघाला होता. मोहीम संपली आहे हे दोघांनाही कळत होते, आणि दोघांपैकी एकानेही तसे म्हटले नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखावे अशी माझी इच्छा होती, असे मुतागुचीने युद्धानंतर सांगितले. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या मोहिमेचे भवितव्य आपल्या हाती आहे, ही जाणीवही कावाबेला मागे फिरू देत नव्हती. ती भावना आपल्याला परकी वाटणार नाही. मोहीम थांबवण्याचा हुकूम निघाला जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. मधल्या महिन्याभरात पावसात, चिखलात, आमांशाने आणि उपासमारीने जी माणसे मेली ती कोणाच्या वैराने मेली नाहीत. दोन जुने ओळखीचे अधिकारी एकमेकांना अवघड वाक्य ऐकवू शकले नाहीत, म्हणून मेली. हे मी जेव्हा जेव्हा शिकवतो तेव्हा वर्ग शांत होतो, आणि मलाही पुढे बोलायला थोडा वेळ लागतो.

सातोने ते वाक्य उच्चारले होते. मोहीम सुरू होण्याआधीच आपण उपाशी मरू अशी धास्ती त्याने आपल्या अधिकाऱ्यांसमोर बोलून दाखवली होती, आणि मेअखेरीस त्याने तारीख घालून कळवले की रसद नाही, म्हणून मी निघतो. जुलैमध्ये त्याला पदावरून काढल्यावर त्याला लष्करी न्यायालय हवे होते, कारण तिथे सगळे कागद उघडे पडले असते. पण डिव्हिजनच्या सेनानीची नेमणूक सम्राटाच्या नावे होत असे, आणि खटला म्हणजे हा सगळा गोंधळ तिथवर नेणे. म्हणून डॉक्टरांकरवी त्याची तपासणी करून त्याचे मन ठिकाणावर नव्हते असे ठरवले गेले. खटला टाळण्यासाठी काढलेला हा दाखला पुढे कित्येक लेखकांनी त्याच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वापरला. असा कागद हाती आला की, तो कोणी, कशासाठी आणि कोणाच्या सोयीसाठी लिहवला, हे विचारल्याशिवाय त्यातले एक अक्षरही घेऊ नका.

थोडक्यात, सुरुवातीला मांडलेल्या चार प्रश्नांना माझी उत्तरे अशी. सातो धाडसी होता. उघड हुकूम मोडायला लागते ते धैर्य त्याच्याकडे होते. माघारीचा त्याचा निर्णय त्या घटकेला योग्य होता, एप्रिलमधले हल्ले मात्र चुकीचे होते. माणसांशी तो वागला ते सगळे चांगले नव्हते, मियाझाकीच्या पिछाडीला विचारले तर उत्तर कडू येईल. आणि युद्धाच्या निकालावर त्याच्या माघारीचा परिणाम कमी झाला, कारण निकाल आधीच चिंदविनच्या अलीकडे, तांदळाच्या गणितात लागला होता.

तुम्हाला स्वतः पडताळून पाहायचे असेल तर सगळी मोहीम एकदम हाती घेऊ नका. २० मे ते ६ जून १९४४ एवढेच अठरा दिवस घ्या. एका पानावर सातोकडून गेलेले संदेश आणि मुतागुचीकडून आलेली उत्तरे तारखेवार लिहा, शेजारी त्या दिवशी कोहिमाला किती शिधा होता याची जी नोंद सापडेल ती लिहा, आणि जिथे नोंद सापडत नाही तिथे जागा कोरी ठेवा. मग तुमच्याकडची पुस्तके पुन्हा उघडा. कोणता लेखक त्या कोऱ्या जागा स्वभावाच्या वर्णनाने भरतो, ते तुम्हाला लगेच दिसू लागेल. पान तयार झाले की इथे टाका, मी माझ्या वहीशी ताडून पाहीन.